इतिवृत्तात न आलेलं

सभा अग्निशमन केंद्रात भरली,
शाळेला छप्पर उरलेलं नाही म्हणून.
बंब बाहेर काढला, आत घडीच्या खुर्च्या मांडल्या.
जनरेटरच्या घरघरीवर सगळे ओरडूनच बोलत होते,
त्यामुळे भांडण नेमकं कधी सुरू झालं
ते मला नोंदवता आलं नाही.

विषय पहिला : अनुदानाचा अर्ज.
चौसष्ट घरं खांबांवर उचलायची, बारा फूट.
मुदत शुक्रवार.
लुईझियानाचं हे शेवटचं गाव, पुढे आखात;
आखाताचं नाव काय लिहायचं
यावरच वीस मिनिटं गेली.

मग मी मसुदा वाचला.
तिसऱ्या ओळीत ‘हवामानबदलामुळे’ म्हणाले
आणि क्लेओफास बिलियो उठला.
"ओडाली, तो शब्द खोड. तो त्यांचा आहे."
"त्यांचा म्हणजे?"
"ज्यांनी कोळंबी फक्त पाकिटात पाहिलीय."

पलीकडून एलमीर वर्डिन :
"तेहतीस वर्षं तेल उपसलं मी, या हातांनी.
मी म्हणतोय ना, राहू दे शब्द."
"तेव्हा पगार घेताना नाही बोललास!"
"नाही बोललो. आता बोलतोय."

राजधानीतला सल्लागार फोनवर, आवाज तुटत तुटत :
शब्द ठेवाल तर इथे कोणी सही करणार नाही.
काढाल तर पैसेवाले विचारतील,
मग घरं उचलायची तरी कशाला?
मागून कोणीतरी म्हणालं,
यात कुठेतरी पाणी मुरतंय,
आणि क्षणभर सगळेच
पायाखालच्या फरशीकडे बघत राहिले.

हे दोघे वीस वर्षं एकमेकांना पाण्यात पाहतात,
आधी एका जाळ्यावरून, नंतर प्रत्येक निवडणुकीवरून.
ऑगस्टमधल्या त्या रात्री मात्र
क्लेओफासने एलमीरला खरंच पाण्यात पाहिलं :
एक हात दिव्याच्या खांबाला,
दुसऱ्या हातात कुत्री, डोक्याच्या वर धरलेली.
त्याने होडी वळवली.
दोघंही याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.
मला कळलं ते कुत्रीमुळे;
भर सभेत, आवाज चढलेले असताना,
ती एलमीरच्या खुर्चीखालून उठली
आणि क्लेओफासच्या बुटांवर हनुवटी टेकून झोपली.
त्याने पाय हलवला नाही.
बोलणं चालूच :
"माझ्या आजोबांच्या वेळीही वादळं होती!"
"होती," एलमीर म्हणाला.
"पण तेव्हा मधे जमीन होती."

इथे मी ‘चर्चा झाली’ असं लिहिलं आहे.

क्लेओफासच्या घराची चौकट मी पाहिली आहे.
डाव्या बाजूला नातवाची उंची, पेन्सिलने, वाढदिवसागणिक.
उजव्या बाजूला पाण्याची.
मुलगा अकरा वर्षांचा आहे.
पाणी त्याच्यापेक्षा लवकर मोठं झालं.

मतं तीन-तीन.
अध्यक्षांना डासांनी फोडलं होतं, त्यांना घरी जायचं होतं;
म्हणजे, घराच्या जागी जी ताडपत्री आहे तिथे.
तेवढ्यात ओझीत आजी, वय त्र्याऐंशी,
मतदानाचा हक्क नाही, कॉफी वाटायला आलेली, म्हणाली :
"लिही, पाणी येतं.
आधी यायचं आणि जायचं.
आता नुसतं येतं."
कोणी अनुमोदन दिलं नाही. विरोधही केला नाही.
मी लिहून टाकलं.

रात्री अर्ज भरायला बसले तेव्हा कळलं
कारणाला रकाना आहे, एकच निवडायचं :
वारा, आग, भूकंप, इतर.
इतर निवडलं.

शुक्रवारी सकाळी खिडकीच्या प्लायवूडवर टकटक.
क्लेओफास. टोपी हातात, गमबूट ओले.
"तो शब्द गेला ना?"
"गेला."
"किती फूट लिहिलंयस?"
"बारा."
तो वळून बराच वेळ खाडीकडे बघत राहिला,
देणेकऱ्याने सावकाराच्या दाराकडे बघावं तसा.
मग म्हणाला,
"चौदा कर."